जुनी ठासणीची रायफल घ्यायची तर आधी नळीचं बूड बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एडिसन, न्यू जर्सी इथले एक मराठी गृहस्थ विचारतात की, त्यांच्या सहकाऱ्याच्या सासऱ्यांकडे, पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोजमध्ये, थॉम्पसन सेंटर कंपनीची .५० कॅलिबरची हॉकन रायफल पडून आहे. टोपीवर उडणारी, म्हणजे पर्कशन: छोट्या स्फोटक टोपीवर घोडा आपटला की बार निघतो. सासऱ्यांनी गुडघ्यांपायी शिकार सोडली आणि बंदूक तळघरात गेली. ३०० डॉलर मागतायत. फोटोत निपल, म्हणजे टोपी जिथे बसते ते पोकळ टोक, गंजलेलं दिसतंय, नळी दस्त्याला धरून ठेवणाऱ्या दोनपैकी एक पाचर गायब आहे, दस्त्यावर पोचे आहेत, पितळ काळवंडलंय. घ्यावी का, घेतली तर दुरुस्त कशी करावी, आणि नाताळनंतरच्या हंगामात ती घेऊन हरणाला जाता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते 'नाही' असं आहे. पेनसिल्व्हेनियात २६ डिसेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत चालणारा हंगाम फक्त गारगोटीच्या बंदुकांचा, म्हणजे फ्लिंटलॉकचा. १९७४ साली तो सुरू झाला तेव्हापासून हा हट्ट टिकून आहे आणि तिथल्या लोकांना त्याचा अभिमान आहे. टोपीची बंदूक ऑक्टोबरमधल्या आठवडाभराच्या मझललोडर, म्हणजे तोंडाने भरायच्या बंदुकांच्या, हंगामात चालते, पण तो बिनशिंगी हरणांचा असतो. म्हणजे ही हॉकन घ्यायची तर ऑक्टोबर डोळ्यांपुढे ठेवून घ्या. बर्फातच फिरायचं असेल तर याच हॉकनची फ्लिंटलॉक आवृत्ती शोधा. तीही जुन्या बाजारात मिळते. तिच्या मूळ लॉकच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, ठिणगीबद्दल लोक कुरकुर करतात, पण त्याच खाचेत बसणारं दुसऱ्या बनावटीचं लॉक मिळतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. ती पटकन सांगतो, पण टाळू नका. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात अशी तोंडाने भरायची बंदूक 'अँटिक' गणली जाते, त्यामुळे पेनसिल्व्हेनियात दोघांच्या मनाने व्यवहार होऊन जातो. न्यू जर्सीचं तसं नाही. तिथे ही सूट शोभेची किंवा संग्रहाची वस्तू म्हणून ठेवणाऱ्याला आहे. शिकारीसाठी घेणाऱ्याला फायरआर्म्स पर्चेसर कार्ड, म्हणजे बंदूक विकत घेण्याचं ओळखपत्र लागतं. राहता एडिसनला, म्हणून बंदूक गाडीत टाकण्याआधी आपल्या गावच्या पोलीस खात्यात विचारून घ्या. अजून व्हिसावर असाल तर एकदा वकिलालाही विचारा. आणि भारतातून वाचणाऱ्यांसाठी: तिकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. गावच्या घराच्या माळ्यावर सापडलेल्या बंदुकीला यातलं काहीही लावून बघू नका.

आता मुद्द्याचं. लोक जुनी बंदूक बघायला जातात आणि दस्ता, पितळ, बाहेरचा रंग बघून मत बनवतात. मी आयुष्य टूलरूममध्ये काढलं, आणि ठासणीच्या बंदुका दुरुस्त करणं हा तिथूनच लागलेला नाद. माझ्या लेखी या बंदुकीत पैसे मोजण्यासारखी एकच गोष्ट आहे: नळीचा आतला भाग, आणि त्यातही बुडाकडचे शेवटचे चार-पाच इंच. बाकी सगळं बदलता येतं, चिकटवता येतं, नाहीतर तसंच सोडून देता येतं. नळीचं बूड खाल्लेलं असेल तर तुम्ही ३०० डॉलरला भिंतीवर टांगायची वस्तू घेताय.

पण आत बघण्याआधी बंदूक भरलेली नाही ना, हे बघायचं. विकणारा शपथेवर सांगत असला तरी बघायचं. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जिवंत राहते. जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या अठराव्या शतकातल्या तोफेचा गंज काढायला घेतला, तर आत दारू आणि गोळा तसाच निघाला. लोक त्या तोफेशेजारून वर्षानुवर्षं जात होते. तळघरातल्या हॉकनची काय कथा.

तपासायची रीत सोपी आहे. बंदुकीचं तोंड स्वतःकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे न करता गज, म्हणजे ठासायची काठी, आत सोडा, पार टेकेपर्यंत. नळीच्या तोंडाशी गजावर पेन्सिलीची खूण करा. गज बाहेर काढा, नळीला बाहेरून समांतर धरा, खूण तोंडाशी जुळवा आणि टोक कुठे येतं ते बघा. ते निपलच्या आसपास आलं तर नळी रिकामी. दीड-दोन इंच अलीकडेच थांबलं तर आत दारू आणि गोळी आहे असं समजून वागा. हॉकनमध्ये बुडाला पोकळी अरुंद होते म्हणून टोक अगदी निपलपर्यंत पोचत नाही, तेवढा फरक धरा. भरलेली निघाली तर ती उडवून रिकामी करण्याचा शहाणपणा करू नका. निपलकडून आणि तोंडाकडून पाणी घालून दारू भिजवायची, मग गोळी काढायच्या स्क्रूने गोळी ओढून काढायची. हे कधी केलं नसेल तर बंदूक जाणत्याकडे न्यायची.

आता नळी. हॉकनची एक सोय अशी की तिचं बूड आकड्यात अडकलेलं असतं. घोडा अर्ध्यावर घ्या, पाचरी ठोकून बाहेर काढा, नळी तोंडाकडून वर उचला, की ती दस्त्यापासून सुटून हातात येते. विकणाऱ्याच्या समोर हे करायला लाजू नका. तो नको म्हणाला तर तेही उत्तरच आहे. निपल निघत असेल तर काढा, बोअर लाइट आत सोडा आणि बघा. छोटा एलईडी दिवा नळीत तळाला पाठवला तरी काम होतं.

आत तीन प्रकार दिसू शकतात. पहिला, तपकिरी भुकटी आणि मऊ तांबेरा. हा पुसला जातो, याने घाबरायचं नाही. दुसरा, नळीच्या आतल्या पीळदार खाचांमध्ये बारीक काळे ठिपके, जणू मिरी पूड टाकलीय, पण दोन खाचांमधले कंगोरे मात्र धारदार. अशी नळी मी डोळे मिटून घेतो. नीट साफ केली की ती चांगली मारते, फक्त दर वेळी साफ करायला जास्त वेळ घेते. तिसरा प्रकार वाईट. बुडाजवळ, जिथे दारूची राख ओली होऊन बसते तिथे, पूर्ण घेरभर खाल्लेलं वर्तुळ, कंगोऱ्यांच्या कडा गेलेल्या. असं असेल तर ३०० काय, १०० डॉलरही देऊ नका. देणारच असाल तर नळी नव्याने कोरून .५४ करून घेण्याचा खर्च धरून द्या. असं काम करणारे कारागीर अमेरिकेत आहेत आणि ते उत्तम होतं. पण त्यासाठी बाकी बंदूक तशी लायकीची असायला हवी.

डोळ्यापेक्षा हात जास्त सांगतो. घट्ट बसणारी तेलाची चिंधी जॅगवर, म्हणजे गजाच्या टोकाला लावायच्या बोंडावर, लावून गज सावकाश आत न्या आणि तितकाच सावकाश बाहेर काढा. चांगल्या नळीत अडथळा सगळीकडे सारखा लागतो. एखाद्या जागी चिंधी खरखरली तर तिथे गंज आहे. आणि एखाद्या जागी अचानक सैल झाली, गज पटकन पुढे गेला, तर तिथे फुगवटा आहे. कोणीतरी कधीतरी गोळी दारूपर्यंत न ठासता बार काढला, मधे हवेची पोकळी राहिली आणि नळी आतून फुगली. बाहेरून अष्टकोनी पट्टीवर प्रकाश तिरका पाडून नजर लावली की कधी कधी तिथली रेघ वाकलेली दिसते. अशी नळी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

लॉक तपासायचं ते असं. घोडा अर्ध्यावर आणा आणि चाप जोरात ओढा. घोडा पडता कामा नये. पुरा चढवून अंगठ्याने घोड्यावर दाब द्या, तेव्हाही निसटता कामा नये. मग दोन चापांपैकी मागचा ओढून पुढचा हलका करा. बारीक 'टिक' ऐकू येतो. त्यानंतर घोडा अंगठ्याने धरूनच पुढचा चाप सोडवून बघा, रिकाम्या निपलवर घोडा आपटवू नका. अर्ध्यावरचा घोडा निसटत असेल तर आतली खाच झिजलीय, किंवा कोणीतरी चाप हलका करायच्या नादात तिला कानस लावलीय. हे दुसरं जास्त आढळतं. तो भाग बदलायचा, स्वतः कानस घेऊन बसायचं नाही.

दस्त्याच्या मानेला, म्हणजे लॉकच्या मागे जिथे हाताची मूठ बसते तिथे, आडवी भेग असेल तर किंमत निम्मी करा. बाकी पोचे, ओरखडे, पितळेचा काळेपणा यांना कवडीची किंमत देऊ नका. अनुक्रमांक के अक्षराने सुरू होत असेल तर ती घरी जोडलेली किटची बंदूक आहे. त्यात कमीपणा नाही, नळी तीच असते. फक्त लाकडाचं काम ज्याचं त्याच्या हातावर.

याच भेटीत किंवा नंतर दुकानात कोणी तुम्हाला स्वस्तात सीव्हीए कंपनीची जुनी इनलाइन, म्हणजे टोपी नळीच्या सरळ मागे बसणारी, रायफल दाखवली, तर नळीवरचा अनुक्रमांक वाचा. त्याच्या शेवटी ९५ किंवा ९६ असेल तर त्या इनलाइन रायफली कंपनीने १९९७ साली परत मागवल्या होत्या. बाजारात त्या अजून फिरतात. घेऊ नका.

किमतीचं म्हणाल तर थॉम्पसन सेंटरने आता ही हॉकन बनवणं थांबवलंय आणि चांगल्या नळीच्या हॉकनला ३०० ही रास्त किंमत आहे. पाचर नाही आणि निपल गंजलंय, एवढ्यावर २५० म्हणून बघा. सासरे खूश होतील तर ३०० द्या. त्यांच्याकडे गोळ्यांचा साचा, निपलचा पाना, दारूचं माप असं सामान पडलेलं असणार, ते मागून घ्या. सुटं घ्यायला गेलात तर ते अंगावर येतं.

घेतलीत असं धरून पुढे जातो.

पहिलं काम निपल. ते अडकलेलं असणार. नळी रिकामी आहे याची पुन्हा खात्री करा, मग आटे सोडवणारं तेल निपलच्या बुडाशी थेंब थेंब घाला आणि दोन-तीन दिवस विसरून जा. रोज एक थेंब. नळी मऊ जबड्यांच्या व्हाइसमध्ये धरा, निपलचा खरा पाना लावा आणि एकदम जोर न देता पुढे-मागे, पुढे-मागे असं हलवा. पक्कड लावली की निपलच्या कडा गोल होतात आणि मग दुकान गाठावं लागतं. नवं निपल चार पैशांचं असतं, पण आटे बघून घ्या. थॉम्पसन सेंटरचे पाव इंच, इंचाला २८ असे आटे आहेत. स्पॅनिश आणि इटालियन बंदुकांचे बहुतेक ६ मिलिमीटर, १ मिलिमीटर पिचचे. दोन्ही हातात सारखीच वाटतात आणि ६ मिलिमीटरवालं इंचाच्या भोकात सैलसर फिरून बसल्यासारखंही वाटतं. बार निघाला की ते तुमच्या कपाळाच्या दिशेने येईल. नवं निपल हाताने शेवटपर्यंत फिरायला हवं आणि डगडगता कामा नये. लावताना आट्यांना अँटिसीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारं वंगण लावा.

निपलच्या खालच्या फुगीर भागात बाजूने एक छोटा स्क्रू असतो, साफसफाईचा. तो निघाला तर उत्तम. नाही निघाला तर तोंड तुटेपर्यंत मागे लागू नका, त्याच्याशिवायही भागतं. ब्रीच प्लग, म्हणजे नळीचं बूड बंद करणारा खिळा, मात्र काढायचाच नाही. लोक व्हिडिओ बघून मोठा पाना घेऊन बसतात. तो प्लग कारखान्यात पक्का बसवलेला असतो. तो काढून मिळत काही नाही, आकड्याची जुळणी मात्र बिघडते.

आता नळी धुवायची. बादलीत कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. नळीचं बूड बादलीत, वरून जॅगवर चिंधी, आणि पंपासारखं खाली-वर. निपलच्या भोकातून पाणी आत-बाहेर होतं आणि बुडाची सगळी घाण निघते. पहिली बादली चहासारखी होईल, दुसरी त्याहून बरी. उकळतं पाणी वापरू नका, पोलाद तापतं, पाणी क्षणात उडतं आणि डोळ्यांदेखत नवा तांबेरा चढतो. मघाशी म्हटलं तसं हॉकनच्या बुडाला पोकळी अरुंद आहे, तिथे .५० चा ब्रश पोचतच नाही. .३२ किंवा .३६ चा छोटा ब्रश घ्या, त्यावर चिंधी गुंडाळा आणि तळाला टेकवून फिरवा. बहुतेकांनी ही जागा बंदूक घेतल्यापासून कधी साफ केलेली नसते. आधीच्या मालकाला 'टोपी वाजते पण बार निघत नाही' असा त्रास होत असेल, तर त्याचं मूळ नव्वद टक्के इथेच असतं.

मग गंज. नळीचं निपलचं भोक बंद करून ती गंज उतरवणाऱ्या द्रावणाने भरा आणि रात्रभर उभी ठेवा. इव्हॅपो-रस्टसारखं बिनआम्लाचं द्रावण लाल गंज खातं, चांगल्या पोलादाला हात लावत नाही. बाहेर सांडू देऊ नका, नळीचा काळा रंग ते घेऊन जातं. सकाळी धुवा, कोरडं करा, मग जॅगवर हिरव्या स्कॉचब्राइटचा तुकडा, त्यावर बोअर पेस्ट, आणि पूर्ण लांबीचे हात. एकाच जागी घासायचं नाही, एक जागा ढिली होते. थोडे हात मारले की पुसून चिंधीने 'ऐका'. खरखर कमी झाली की थांबा. आरशासारखी चमक आणायची नाही. गोळी नळीला लागत नाही, मधे कापडाची चिंधी असते आणि त्या चिंधीला फक्त धारदार टोकं नको असतात.

बाहेरच्या बाजूला माझं मत वेगळं आहे आणि ते सगळ्यांना पटत नाही. उगाच उजळू नका. स्टील वूल, सगळ्यात बारीक, चार शून्यांचं, आणि तेल घेऊन लाल गंज पुसा. जे तपकिरी उरेल ते राहू दे, ते आता गंजत नाही. पूर्ण पॉलिश पेपर मारून बाटलीतलं निळं फासलेल्या बंदुका बाजारात ढीगभर दिसतात आणि सगळ्यांच्या अष्टकोनाच्या कडा गोल झालेल्या असतात. रंग हवाच असेल तर ब्राउनिंगचं द्रावण लावून सावकाश तपकिरी करा. सेंट लुइसच्या जेकब आणि सॅम्युएल हॉकन बंधूंच्या मूळ रायफलींना तो रंग शोभायचा, तुमच्या नकलेलाही शोभेल.

दस्त्याचे पोचे काढायला मजा येते. लाकडाचे दाबलेले तंतू तुटलेले नसतील तर ओलं सुती फडकं पोच्यावर ठेवा आणि वर गरम इस्त्रीचं टोक टेकवा. वाफ आत जाते आणि लाकूड फुगून वर येतं. तीन-चार वेळा करावं लागतं. मग हलका पॉलिश पेपर आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात. पातळ म्हणजे तळहाताने चोळून जिरेल इतकंच, आणि एकेका हातामध्ये एक दिवस. तेलाची फडकी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेटतं. गराज जळल्याच्या गोष्टी खऱ्या असतात. फडकी बाहेर दोरीवर पसरून वाळवा, मगच फेका.

लाकडी गज फोटोत दिसतोय. त्यावर नख फिरवा, कुठे लाकडाची रेषा आडवी गेलेली दिसली तर तो मोडून टाका, म्हणजे हातात कोणी घेणार नाही. ठासताना मोडलेला गज तळहातातून आरपार जातो. सरळ रेषेच्या हिकरीच्या चिवट लाकडाचा नवा गज बंदुकीखाली ठेवा आणि मैदानावर फायबरग्लासचा किंवा डेलरिन प्लास्टिकचा लांब गज वापरा. ठासताना गज तोंडापासून वीतभर वरच पकडायचा, तो वाकायला जागाच राहत नाही.

आता दारू. या बंदुकीत फक्त काळी दारू किंवा तिच्या बदल्यात बनवलेली पायरोडेक्ससारखी पावडर. आधुनिक काडतुसांतली स्मोकलेस पावडर, चिमूटभरसुद्धा, कधीही नाही. ती हातात नळी फोडते. आधीच्या मालकाने दिलेल्या बिनलेबलच्या डब्यातली दारू वापरायची नाही, ती कशी दिसते यावरून काही कळत नाही. काळ्या दारूत .५० साठी दाणा दोन एफचा, डब्यावर FFg असं लिहिलेलं असतं. मोजायची ती वजनावर नाही, मापाने, आणि डब्यातून थेट नळीत कधी ओतायची नाही. आत एखादी ठिणगी राहिली असेल तर डबा हातात फुटेल.

हॉकनच्या नळीतल्या खाचांचा पीळ ४८ इंचांत एक फेरा असा आहे. गोल गोळी आणि लांबट शिशाची गोळी दोन्ही बऱ्यापैकी चालाव्यात म्हणून काढलेला हा मधला मार्ग. तुम्ही गोल गोळीनेच सुरुवात करा. .४९० इंची गोळी, वजन साधारण १७७ ग्रेन (ग्रॅमला साधारण १५ ग्रेन), आणि ०.०१५ इंच जाडीचं घट्ट विणीचं सुती कापड. कापडाला तूपमेणासारखं वंगण, मेण आणि चरबी किंवा ऑलिव्ह तेल. खोबरेल तेल चालतं का असं विचाराल, तर उन्हाळ्यात मस्त चालतं, ऑक्टोबरच्या थंडीत थिजून बसतं. खनिज तेल मात्र नको. काळ्या दारूच्या राखेशी मिळून त्याचं डांबर होतं.

पहिले बार खांद्यावरून काढायचे नाहीत. बंदूक जुन्या टायरला बांधा, चापाला लांब दोरी, तुम्ही आडोशाला. मापाने ५० ग्रेन दारूचे दोन-तीन बार काढा. मग नळी पुसून पुन्हा चिंधीची परीक्षा घ्या. कुठे नवीन सैल जागा झाली नसेल, निपलभोवती काजळीची रेघ नसेल, तर खांद्याला लावा. ५० पासून पाच-पाच ग्रेन वाढवत जा. बहुतेक .५० हॉकनना ७० ते ८० च्या मधे कुठेतरी सूर सापडतो, आणि कमाल किती ते कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, त्याच्या वर जायचं नाही.

आणि प्रत्येक बारानंतर पुढे चालत जाऊन गोळीभोवतीची चिंधी उचला. दहा-पंधरा यार्डांवर पडलेली असते. तुमच्या नळीची तब्येत त्या चिंधीवर लिहिलेली असते. मधे गोल काळा डाग, कडा थोड्या उसवलेल्या, बाकी कापड धड: सगळं ठीक आहे. गोलाकार ओळीत बारीक चिरा असतील तर कंगोरे अजून धारदार आहेत किंवा तोंडाची कड चिंधी कापते आहे. स्कॉचब्राइटचे आणखी काही हात द्या, तोंडाच्या कडेला अंगठ्याखाली बारीक पॉलिश पेपर धरून गोल फिरवा. मधोमध जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी आहे, वायू बाजूने निसटतोय. चिंधी सापडलीच नाही, नुसत्या चिंध्यांच्या चिंध्या, तर बुडाकडचा गंज तुम्हाला वाटला त्यापेक्षा खोल आहे. तासभर निशाणाच्या कागदावर डोळे ताणण्यापेक्षा या पाच चिंध्या शेजारी मांडून बघितल्या तर जास्त कळतं.

दर बारानंतर किंचित ओली चिंधी एकदा आत-बाहेर, मग कोरडी, मग पुढचा बार. गोळी दारूवर टेकली की गजावर तोंडाशी खूण करून ठेवा. दर वेळी खूण तिथेच यायला हवी. टोपी वाजली आणि बार निघाला नाही तर बंदूक निशाणाकडेच धरून मिनिटभर थांबा, कधी कधी दारू उशिरा पेट घेते.

५० यार्डांवर टेकून मारलेल्या गोळ्या तीन-चार इंचांत पडल्या की शिकारीला पुरे. या गोल गोळीचा वेग तोंडापाशी सेकंदाला दीड हजार फुटांच्या पुढे असतो, पण गोल असल्याने ती हवेत लवकर मंदावते आणि १०० यार्डांवर पोचेपर्यंत सुमारे तिसरा हिस्सा वेग जातो. मी ७५ यार्डांच्या पुढे चापाला बोट लावत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या दाट जंगलात तेवढं लांब दिसतंही क्वचितच. बार निघाला की पुढे पांढरा पडदा उभा राहतो आणि हरीण पडलं की पळालं ते कळत नाही. एक पाऊल बाजूला सरकून, खाली वाकून धुराखालून बघा, आणि ते कुठे उभं होतं ती जागा एखाद्या झाडाशी जोडून लक्षात ठेवा.

जंगलात जायच्या सकाळी नळीतलं गंजरोधक तेल अल्कोहोलच्या चिंधीने पुसून काढा आणि दारू भरायच्या आधी दोन-तीन नुसत्या टोप्या वाजवा. नळीचं तोंड जमिनीवरच्या वाळलेल्या पानाजवळ धरा. पान हललं तर वाट मोकळी आहे.

परत आल्यावर त्याच संध्याकाळी धुवा. दमलोय, उद्या बघू, हे या बंदुकीत चालत नाही. काळ्या दारूचं निम्म्याहून जास्त वजन राख होऊन उरतं आणि ती राख हवेतलं पाणी ओढते. पायरोडेक्सची राख तर त्याहून खवट. एके काळी अशी जाहिरात व्हायची की नैसर्गिक वंगण चोळत राहिलं की नळी लोखंडी तव्यासारखी मुरते आणि मग साबण लावू नये. नळीचं पोलाद म्हणजे बिडाचा तवा नाही. या सासरेबुवांच्या पिढीतल्या कितीतरी नळ्या त्या विश्वासापायी बुडाशी गेल्या. साबण-पाणी, कोरडं, अल्कोहोल, मग चांगलं गंजरोधक तेल. दुसऱ्या दिवशी एक पांढरी चिंधी फिरवून बघा, आठवड्याने पुन्हा. लालसर आली तर पुन्हा तेल. ठेवताना तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल बुडात जाऊन निपल तुंबवत नाही. आणि तळघरात ठेवू नका.

ऑक्टोबरसाठी तुम्हाला पेनसिल्व्हेनियाचं बाहेरगावकऱ्यांचं शिकार लायसन्स, त्यावर मझललोडर लायसन्स, आणि त्या भागाचं अँटलरलेस, म्हणजे बिनशिंगी हरणाचं लायसन्स असं तिन्ही लागेल. पहिल्यांदाच काढत असाल तर शिकार सुरक्षेचा कोर्स आधी. अँटलरलेस लायसन्सं उन्हाळ्यातच विक्रीला निघतात आणि चांगल्या भागांची संपतात, तेव्हा नळीचा गंज रात्रभर भिजत असताना ते काम उरकून घ्या.